घुमटाखाली कुणी जायचं नाही

"तुमच्यात सगळ्यात घाबरट कोण?" मॉन्ट्रियलहून आलेल्या बाईने पहिल्याच सकाळी विचारलं, आणि आम्हा चौघांपैकी तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मला इंग्रजी पुरतं कळलं नव्हतं. पण सगळे आपल्याकडे बघतायत म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असणार, म्हणून मी आधीच "सॉरी" म्हणून टाकलं. बाई हसली नाही. तिने जाकिटाच्या खिशातून लाल दोरीची शिट्टी काढली, माझ्या गळ्यात घातली आणि म्हणाली की घाबरट माणूस चांगला, तो बघत राहतो.

काकांनी मला मराठीत समजावलं. "तुला काही उचलायचं नाही, पिळायचं नाही. रेषेबाहेर उभं राहायचं. घुमट वर चालला असताना कुणी खाली गेलं, की शिट्टी. बस्स."

"आणि चुकून वाजवली तर?"

"तर सगळे बाहेर येतील. बाई म्हणते, आधी बाहेर, मग प्रश्न. वाजवणाऱ्याला कुणी बोलायचं नाही."

हे ऐकून मला जास्तच धडकी भरली. मला आजवर कुणी न बोलता सोडलेलं नव्हतं.

दोन हजार सतराचा मे महिना होता. आम्ही कॅनडात ब्रॅम्पटनच्या उत्तरेला एका नर्सरीत कामाला होतो. नर्सरी म्हणजे रोपांची. हे मला गावाकडच्या फोनवर दर वेळी सांगावं लागायचं, नाहीतर तिकडे वाटायचं की मी पोरं सांभाळते. मालकाने कुठल्याशा प्रदर्शनातला जुना घुमट विकत घेतला होता. नुसता लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्रिकोणाला त्रिकोण जोडून केलेला. त्यावर पारदर्शक कापड चढवून आत झाडं मांडायची, लोकांनी येऊन बघायची. चित्रात तो चेंडू अर्धा कापून ठेवल्यासारखा दिसत होता. प्रत्यक्षात त्याच्या पोटात माझ्या गावची शाळा मावली असती. मी त्या शाळेत सातवीपर्यंत होते. नंतर सुटली. सुटली म्हणजे कुणी मारून काढलं नाही. हायस्कूल पलीकडच्या गावात होतं, आणि घरात धाकट्या दोघांना बघायला कुणीतरी लागत होतं.

घुमट विकणाऱ्या कंपनीने मदतीला एकच माणूस पाठवला, तो म्हणजे ही बाई. उंच, हडकुळी, केस बारीक कापलेले. इंग्रजी बोलताना मधेच फ्रेंचमध्ये शिरायची. बाकीचे आम्ही. ट्रॅक्टर चालवणारे पाजी, ते लुधियानाकडचे. एक नाशिकची पोरगी, कॉलेजात सप्लाय चेनचा कोर्स करणारी, सुट्टीच्या दिवसांत आमच्याकडे कामाचे तास भरायला यायची. मी. आणि काका.

काकांबद्दल नीट सांगायला हवं. ते इथे फार वर्षांपूर्वी आलेले इंजिनियर. मिसिसागात पंपांच्या कारखान्यात जन्म काढला आणि रिटायर झाले. घरी बसवत नाही म्हणून नर्सरीतले पाण्याचे पंप बघायला आठवड्यातून दोन-तीनदा यायचे. त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये आम्ही राहत होतो. माझा नवरा ट्रक चालवतो. आठवडे आठवडे रस्त्यावर. मी इथे आले तेव्हा मला "येस" आणि "नो" यांत सुद्धा "येस"च जास्त यायचं. नर्सरीच्या मालकाला काकांनीच सांगितलं की हिने द्राक्षबागेत काम केलंय, हिच्या हाताला रोपं कळतात. रोज सकाळी तेच मला गाडीतून न्यायचे. माझी मुलगी शाळेतून आली की काकू तिला वर घ्यायच्या, दूध द्यायच्या. ती त्यांना इंग्रजीत उत्तरं द्यायची आणि काकूंना त्याचंही कौतुक. म्हणजे डोक्यावरचं छप्पर, हातातलं काम, पोरीचं दूध, सगळं त्या एका घरातून येत होतं. मी काकांसमोर खुर्चीवर टेकून कधी बसले नव्हते.

पहिला दिवस जमिनीतच गेला. बाईने गोल आखला, आणि त्याच्याबाहेर नारिंगी रंगाने दुसरा मोठा गोल. तो म्हणजे रेषा. काही वर टांगलेलं असताना रेषेच्या आत कुणीच नाही. डोक्यावर हेल्मेट, पायात लोखंडी टोकाचे बूट. माझे बूट एक नंबर मोठे होते, मी दोन मोजे घातले. उन्हात बाईच्या यंत्राचा लाल ठिपका दिसेना, तेव्हा काकांनी पारदर्शक नळीत पाणी भरून जमिनीची पातळी काढून दाखवली. पूर्वेकडची बाजू खाली होती, चांगली चार बोटं. बाईने खाली बसून पाण्याची रेघ बघितली आणि "ब्राव्हो" म्हणाली. काका दिवसभर खुशीत होते. गाडीत मला म्हणाले, "मशीन नसलं की माणूस लागतो, बघ." मला पण बरं वाटलं. आपला माणूस बरोबर निघाला की अंगावर मूठभर मांस चढतं.

असल्या घुमटाचं डोकं आधी बांधतात आणि पाय शेवटी. मधे एक उंच खांब उभा करायचा, दोरांनी चार बाजूंना ताणून. त्याच्या टोकाच्या कप्पीवरून तार बाहेर आणायची, ती रेषेपलीकडच्या विंचला, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या यंत्राला. घुमटाचा सगळ्यात वरचा भाग जमिनीवरच जोडायचा, तारेने छातीइतका उचलायचा, खाली लोखंडी घोडे लावून त्यावर टेकवायचा. मग बाहेरून पाइपांची पुढची ओळ जोडायची. परत उचलायचं, परत ओळ. म्हणजे कुणाला शिडीवर चढावं लागत नाही. एवढी मोठी वस्तू पाच माणसांत उभी राहते ती अशी. पण ती अधांतरी असते तेव्हा तिचं सगळं वजन एका तारेवर असतं, आणि त्या वेळी तिच्याखाली कुणी जायचं नाही.

बाई मोजायची. "अँ, दू, त्रवा." त्रवाला सगळ्यांनी एकदम जोर लावायचा. पाजींना ते इतकं आवडलं की ते ट्रॅक्टरवर चढतानाही स्वतःशीच "त्रवा" म्हणायला लागले.

दुसरा नियम नटांचा. पाइपांची टोकं चपटी केलेली, त्यांना भोकं. एका ठिकाणी पाच-सहा पाइप येतात, त्यांच्यातून एक बोल्ट. नट फक्त बोटांनी फिरवायचा. पाना लावायचाच नाही, सगळा घुमट उभा राहीपर्यंत. बाईने आपले दोन्ही हात जुळवून, बोटं सैल सोडून दाखवलं. आत्ता हा चपटा आहे, ओळी लागतील तसा गोल होत जाईल, त्याला हलायला जागा हवी. पोरगीने मला मराठीत सांगितलं, "ताई, म्हणजे लग्नातल्या ब्लाऊजसारखं. आधी टाचायचं, शेवटी शिवायचं."

काकांना ते पटलं नाही. ते बाईसमोर काही बोलले नाहीत, पण माझ्याशेजारी उभं राहून पुटपुटले, "सैल नट म्हणजे अर्धवट काम. आमच्याकडे असं कुणी सोडलं असतं तर दुसऱ्या दिवशी गेटवरून परत."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घुमटाचं डोकं आणि तीन ओळी झाल्या होत्या. मी सकाळपासून रेषेवर उभी होते. उभं राहण्याचं काम मला कधी मिळालं नव्हतं. हात रिकामे असले की मला कुणीतरी ओरडेल असं वाटतं. मधेच मी खाली पडलेले वॉशर वेचायला वाकले तर बाई म्हणाली, "नो. यू लुक." मग मी बघत राहिले. वारा आला की पाइप एकमेकांवर खुळखुळायचे. प्रत्येक वेळी माझा हात शिट्टीवर जायचा.

"ताई, ती शिट्टी आहे, मंगळसूत्र नाही," पोरगी म्हणाली. "सोडा जरा."

जेवणाच्या सुट्टीत घुमट घोड्यांवर टेकवला. बाई आपल्या व्हॅनमध्ये फोन करायला गेली. पाजी आणि पोरगी लांब बाकावर बसून चिप्स खात होते. मी डबा धुवायला नळावर गेले आणि परत येताना पाहिलं, काका पूर्वेकडे एकटेच उभे. हातात पाना. एकेक नट आवळत पुढे सरकत होते. रेषेच्या आत असले तरी त्या वेळी चालत होतं, कारण घुमट घोड्यांवर होता. पण पाना.

त्यांनी मला पाहिलं. लपवलं वगैरे काही नाही. "नुसते खडखडतायत," म्हणाले. "वाऱ्याने निघून पडतील एखाद्याच्या डोक्यात."

"हो काका," मी म्हटलं.

आणि डबा पिशवीत ठेवला.

नंतर तासभर मी स्वतःला समजावत होते. ते इंजिनियर. जमिनीची पातळी त्यांनीच काढली, बाईला जमली नव्हती. नट आवळल्याने काही घट्टच होईल ना, सैल थोडंच होईल? आणि मी कोण. मला शिट्टी दिली ती माणसं बघायला, नट बघायला नाही. शिवाय बाईला सांगायचं तर कुठल्या तोंडाने? "काकांनी तुमचं ऐकलं नाही", हे वाक्य मला मराठीत सुद्धा बोलता आलं नसतं. ज्यांच्या बेसमेंटमध्ये आपली चूल पेटते त्यांचं नाव परक्या बाईपुढे घ्यायचं? काकांना खाली मान घालायला लावून संध्याकाळी त्यांच्याच गाडीत बसायचं? मी ठरवलं, काही होणार नाही. असं ठरवलं की मला घाम येतो, तो आला.

जेवणानंतर घुमट परत उचलून घोड्यांवर टेकवला. आता त्याचा माथा डोक्याच्याही वर गेला. चौथी ओळ पश्चिमेकडून लागत आली, बोटाने नट फिरवले की झालं. पूर्वेकडे आली आणि अडली. पाइपाचं भोक बोल्टपासून दोन बोटं लांब. पुढच्या ठिकाणी वीतभर. घुमट एका अंगाने वाकडा बसला होता, झोपेत मान मोडलेल्या माणसासारखा. बाई पलीकडे विंचपाशी पाजींजवळ उभी होती, तिची नजर खांबाच्या टोकावर, कप्पीवर. तिने ओरडून विचारलं, काय झालं?

"लिटल अप," काका ओरडले. "जस्ट लिटल."

सगळे रेषेबाहेर आले, तार ताणली. विंचची टकटक सुरू झाली.

आणि काका पोरीकडे वळून मराठीत म्हणाले, "पोरी, अशी आत जा, खांदा लाव आणि वर ढकल. मी बोल्ट घालतो. दोन सेकंदांचं काम आहे."

शब्द मराठीत होते. बाईला कळायचा प्रश्नच नव्हता. पाजींनाही नाही. त्या सगळ्या शेतात ते कळणारी माणसं आम्ही तीनच होतो. एक सांगणारे, एक ऐकणारी, आणि मी.

पोरगी वाकली. काकांनी सांगितल्यावर कोण नाही म्हणणार? तिने हेल्मेट मागे सारलं, रेषा ओलांडली आणि तिरक्या झालेल्या पाइपाखाली खांदा घालायला गेली.

मी शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली तर नुसती हवा. तोंड कोरडं पडलं होतं. परत फुंकली. या वेळी वाजली, आणि इतकी जोरात वाजली की मीच दचकले. थांबायचं कधी ते मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी वाजवतच राहिले.

विंच थांबली. पाजींनी दोन्ही हात वर केले, जणू पोलीस आले.

"ताई, काय हे?" पोरगी तशीच वाकलेली.

"बाहेर ये."

"अहो पण..."

"आधी बाहेर ये गं."

ती आली. काका रेषेवर उभे होते, बोल्ट हातात. "काय झालं? साप निघाला का?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण ते घरात काकूंशी ज्या आवाजात बोलतात तो हा नव्हता. "दोन सेकंदांचं काम होतं. हिला काही झालं असतं का?"

बाई पळत आली. तिने आधी सगळ्यांची डोकी मोजली, रेषेबाहेर पाच आहेत ना बघितलं. मग माझ्याकडे वळून हळू विचारलं, व्हाय.

मी वर पाहिलं नाही. माझ्या बुटांवर चिखल वाळला होता. मी म्हटलं, "टाइट." मग म्हटलं, "लंच टाइम. टाइट." आणि पूर्वेकडे हात केला. कुणी आवळले ते मी बोलले नाही. पण पाना काकांच्या खिशातून दिसत होता, आणि ते न बघता राहता येत नव्हतं.

मला वाटलं आता ते म्हणतील, हिला काय कळतं. म्हणाले असते तर मी मान्य केलं असतं.

काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला. "आय टायटन्ड देम," ते बाईला म्हणाले. साधं, हिशोबाचं बोलावं तसं. "दॅट साइड. ऑल ऑफ देम. अँड आय सेंट हर इन."

बाईने "ओके" म्हटलं. एवढंच. ओरडेल म्हणून मी खांदे आकसून उभी होते, ते तसेच राहिले. तिने घुमट हळूहळू खाली घ्यायला लावला, घोडे लावले, आणि लांब दांड्याचा पाना घेऊन स्वतः बाहेरच्या बाजूने नट सोडायला लागली. आम्हाला सगळ्यांना मागे उभं केलं. पहिले दोन कुरकुरले आणि सुटले. तिसऱ्याला पाइप उसळला. आवाज असा आला की शेताच्या कडेचे पक्षी उडाले. पाइपाचं टोक हातभर बाहेर येऊन तिथल्या तिथे थरथरत राहिलं. मग सगळा सांगाडा कण्हल्यासारखा हलला आणि आपोआप सरळ झाला.

पोरगी माझ्या शेजारी उभी होती. तिने माझ्या बाहीचं टोक धरलं होतं, ते मला नंतर कळलं. तिने आपलं हेल्मेट नीट पुढे ओढून घेतलं. मग म्हणाली, "ताई, आईला सांगू नका हं." मी तिच्या आईला ओळखतही नव्हते.

पाजी म्हणाले, "बहनजी, आज आपने त्रवा नहीं होने दिया." कुणी हसलं नाही, तरी त्यांनी ते म्हटलं हे बरं झालं.

संध्याकाळी गाडीत काकांनी रेडिओ लावला नाही. रोज ते बातम्या लावायचे आणि मला समजावून सांगायचे, बर्फ किती पडणार, पेट्रोल कितीला गेलं. त्या दिवशी नुसता टायरांचा आवाज. मी डबा मांडीवर घट्ट धरून बसले होते. हायवेवर आल्यावर ते म्हणाले, "जेवणाच्या वेळी तू पाहिलं होतंस."

"हो."

"मग तेव्हाच सांगायचंस."

"तुम्हाला कसं सांगणार, काका."

त्यांनी पुढच्या ट्रककडे बघत गाडी चालवली. आमच्या गल्लीचं वळण आलं. त्यांनी इंडिकेटर दिला, वळले, गाडी लावली आणि नेहमीसारखं म्हणाले, "दार जरा जोरात लाव, नीट बसत नाही ते."

मी खाली बेसमेंटमध्ये गेले. नवऱ्याचा फोन आला, तो मॅनिटोबात कुठेतरी डिझेल भरत होता. मी सगळं सांगितलं.

"तू कशाला मधे तोंड घातलंस?" तो म्हणाला.

"तोंड नाही घातलं. शिट्टी वाजवली."

"एकच." नोझल परत अडकवल्याचा खट्ट आवाज आला. मग म्हणाला, "पोरगी ठीक आहे ना ती?" मी हो म्हटलं. "मग जाऊ दे. खोली बघू दुसरी लागली तर." त्याने हे मला धीर द्यायला म्हटलं, पण त्याच्याही मनात तेच आलं होतं हे कळल्यावर माझा उरलासुरला धीर गेला.

बेसमेंटमध्ये राहणाऱ्याला वरचं घर पायांवरून कळतं. काकांची पावलं जड आणि सरळ, काकूंची चप्पल घासणारी. त्या संध्याकाळी मी भात लावला आणि छताकडे कान लावून बसले. काका खुर्ची ओढून बसले. काकू चालत गेल्या, थांबल्या. फार वेळ थांबल्या. म्हणजे सांगतायत. मग त्यांची चप्पल जिन्याकडे वळली आणि एकेक पायरी खाली यायला लागली. मी गॅस बारीक केला. काय म्हणायचं ते जुळवत होते. या महिन्याच्या शेवटापर्यंत तरी राहू द्या, पोरीची शाळा संपेपर्यंत तरी.

काकूंनी दार उघडून डोकं आत घातलं. "माझा निळा डबा तुझ्याकडे आहे का गं? उद्या इडलीचं पीठ द्यायचंय एकांना."

मी डबा दिला. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, "लसणीचा येतोय," म्हणाल्या, आणि वर गेल्या.

सकाळी वेळेवर हॉर्न वाजला.

उरलेलं काम दोन दिवस चाललं. काका माझ्यापासून जेवढं लांब राहता येईल तेवढ्या लांब काम करत होते, निदान मला तसं वाटलं. घुमट गोल असतो, कुठेही उभं राहिलं तरी कुणीतरी कुणाच्या तरी समोर येतंच. एकदा वारा वाढला, मी शिट्टी वाजवली, सगळे बाहेर आले, आणि काही झालं नाही. बाईने झाडांचे शेंडे बघितले आणि तासभर काम बंद ठेवलं. काका सगळ्यांत आधी रेषेबाहेर आले होते. शेवटची ओळ लागली, पाय जमिनीला टेकले, खुंट्या ठोकल्या, खांब उतरवला. मग बाईने जोर मोजणारा मोठा पाना काकांच्या हातात दिला आणि म्हणाली, नाउ यू. आता नट आवळायचे होते, एकूण एक, ठरलेल्या जोराने. उंचावरच्या नटांपर्यंत पाजींनी ट्रॅक्टरच्या पाळण्यातून काकांना नेलं, पट्टा कमरेला बांधून. काकांनी त्या दिवशी कुणाला दुसरा पाना घेऊ दिला नाही. पाळण्यातून खाली बघत ते म्हणत, "हा झाला. पुढे." मी खालून बघत होते. मान दुखून आली तरी बघत होते.

बाई गेली. शिट्टी तिने परत घेतली, कंपनीची होती.

त्यानंतर काकांनी तो विषय काढला नाही. मीही नाही. रेडिओ परत सुरू झाला. पण मला चैन नव्हती. काकूंनी जरा कमी हसून पाहिलं की मी दिवसभर त्याचा अर्थ लावायची. काकांनी पंपाकडे बघताना कपाळाला आठी घातली तरी मला वाटायचं, ती माझी आहे.

जूनमध्ये एका रविवारी काकूंकडे त्यांची जुनी मंडळी जेवायला आली. दोन डॉक्टर, एक युनिव्हर्सिटीत शिकवलेले, त्यांच्या बायका. ही माणसं चाळीस-पंचेचाळीस वर्षं इथे राहिली, पण गरम ज्वारीची भाकरी म्हटली की रांगेत उभी राहतील. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते. बाहेर काका बोलत होते. नेहमीसारखे पंप, रिटायरमेंट, गुडघे. मग त्यांनी घुमट काढला.

माझा हात थांबला.

पातळीची नळी त्यांनी सांगितली. मंडळी वा वा म्हणाली. मग सैल नटांचं सांगितलं. मग म्हणाले, "आता माझी सवय तुम्हाला माहीत आहे. दुपारी कुणी नाही बघून मी एक बाजू सगळी आवळून टाकली."

"अरे देवा," कुणीतरी म्हणालं.

"आणि वरून एका पोरीला त्याखाली घातलं. ढकल म्हटलं." ते थांबले. मी तव्याकडे बघत होते आणि तवा मला दिसत नव्हता. इथून ते काहीही म्हणू शकत होते. मग काम थांबवलं, असं म्हणाले असते तरी पुरे होतं. मला तेच हवं होतं. माझं नाव त्यात नको होतं, कुठल्याच बाजूने नको होतं.

"मग?" एका डॉक्टरांनी विचारलं.

"मग काय, ते मी कसं सांगू? मी तर चिडलो होतो." आणि त्यांनी आत हाक मारली. "अगं, भाकरी राहू दे जरा. इकडे ये."

मी पिठाच्या हातांनी दारात गेले. सगळे माझ्याकडे बघत होते. काकांनी शेजारची खुर्ची मागे ओढली. "बस. पुढचं तू सांग."

"मी उभीच बरी आहे, काका."

"बस म्हटलं ना."

मी खुर्चीच्या कडेला टेकले. हात कुठे ठेवू कळेना, पदराला पीठ लागलं. त्या दिवशी शेतात तोंड कोरडं पडलं होतं, त्याहून आज जास्त पडलं. आत भाकरी करपत असल्याचा वास आला आणि काकू उठून आत गेल्या. मला वाटलं, त्यांच्याऐवजी मीच आत गेले असते तर बरं.

"पाइप बसत नव्हता," मी म्हटलं.

युनिव्हर्सिटीवाले पुढे झुकले. "कुठला पाइप?"

मी काकांकडे पाहिलं. ते ताटातल्या ठेच्याकडे बघत होते, मदतीला काही येणार नव्हते. मग मी हातांनी हवेत घुमट काढला, आधी चपटा, मग गोल होत जाणारा, आणि त्यातला पूर्वेकडचा पाइप कुठे आला ते दाखवायला लागले.